काकडीत पटलेली ओळख

भाद्रपद लागला की धारवाडात दोन गोष्टींना ऊत येतो. बाजारात कोवळ्या सौतीकायीचे, म्हणजे काकडीचे, ढीग लागतात आणि घराघरांच्या कुंपणाबाहेर ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या फुलांचं रान माजतं. आमच्या भागात भाकरीशेजारी कच्चं काहीतरी लागतंच: काकडीच्या फोडी, कांदा, गाजर, मेथीची कोवळी पानं. मी जन्मभर ते खात आले. चाळिशी उलटल्यावर एका पावसाळ्यात मात्र पहिलीच फोड तोंडात गेली आणि ओठ चुरचुरले. टाळ्याला खाज सुटली आणि बघता बघता ती कानाच्या आत कुठेतरी पोहोचली. चुळा भरल्या, पाणी प्यायले. पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात तर्क सुरू झाले. काकडी कडू असेल, फवारा मारलेला असेल, मिठाच्या पाण्यात ठेवून बघ. सगळं करून पाहिलं, भाजीवाली अक्कासुद्धा बदलली, पण खाज हटेना. नवल म्हणजे त्याच काकडीचं थालीपीठ लावलं तर चार खाल्ली तरी जिभेची काही तक्रार नव्हती.

या कोड्याचं उत्तर भाजीच्या टोपलीत शोधून सापडणार नव्हतं. ते कुंपणाबाहेर वाऱ्यावर उडत होतं. हे कळल्यापासून मी काकडीकडे, गवताकडे आणि स्वतःच्या रक्ताकडे वेगळ्याच नजरेनं बघते आहे.

तीन प्रकारची खाज

आपल्या स्वयंपाकघराची खाजेशी जुनी ओळख आहे. अळू किंवा सुरण नीट शिजलं नाही, तर घसा खवखवतो. त्यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया जुडग्या-जुडग्यांनी बसलेल्या असतात, त्या तोंडात टोचतात. ही खाज राव-रंक बघत नाही, जो खाईल त्याला होते. म्हणून अळवात चिंच पडते, सुरणात आमसूल.

दुसरी खाज आंब्याची. धारवाडच्या आसपास हापूसच्या बागा आहेत आणि मे महिन्यात देठाचा चीक ओठाला लागून फोड आलेलं एखादं तरी पोर गल्लीत असतंच. ‘आंबा उतला’ असं आपण म्हणतो. बिब्बाही असाच उततो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. त्यांच्या चिकातली तेलकट द्रव्यं कातडीत मुरतात, कातडीतल्या पेशी ती लक्षात ठेवतात आणि पुन्हा गाठ पडली की एक-दोन दिवसांनी फोड उठवतात. ‘उतणं’ हा शब्द आपल्याकडे आहे, म्हणजे आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट नीट पाहिली होती.

माझी खाज या दोन्हींत बसत नव्हती. काकडीत सुया नाहीत, चीकही नाही. माझ्या शेजारी बसून तीच काकडी खाणाऱ्याला काहीच होत नव्हतं. खाज दोन मिनिटांत यायची, पाऊण तासाच्या आत जायची आणि शिजवलेल्या काकडीला घाबरायची. या तिसऱ्या खाजेला डॉक्टर पराग-अन्न ॲलर्जी म्हणतात. परागकणांशी वाकडं असलेल्या माणसाला काही कच्ची फळं-भाज्याही चालत नाहीत, असं ते दुखणं.

हाताला टोचलेली काकडी

हुबळीतल्या डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं, तेव्हा दोन सूचना दिल्या. सर्दी-खाजेच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करा आणि येताना घरून एक ताजी काकडी आणा. मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

चूक झाली नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत पेनानं खुणा करून त्यांनी प्रत्येक खुणेशी एकेक थेंब ठेवला: हरळीच्या परागाचा, काँग्रेस गवताच्या परागाचा, धुळीतल्या किड्यांचा. एक थेंब हिस्टामिनचा, तो उठायलाच हवा. एक साध्या मिठाच्या पाण्याचा, तो उठायला नको. प्रत्येक थेंबातून सुईचं टोक कातडीला जेमतेम लागलं. शेवटी त्यांनी नवी सुई घेतली, आधी माझ्या काकडीत टोचली आणि मग त्याच सुईनं माझा हात टोचला. काकडीतली दोषी प्रथिनं इतकी नाजूक असतात, की बाटलीत भरून ठेवलेल्या अर्कात ती टिकतीलच असं नाही. म्हणून ताजी काकडी.

पंधरा मिनिटं हात पुढे धरून बसले. मिठाचं पाणी गप्प राहिलं. हिस्टामिनची गांध उठली. काँग्रेस गवताची उठली, हरळीची उठली आणि ओळीच्या टोकाला, डास चावल्यासारखी लालबुंद कडा घेऊन, काकडीचीही उठली. गवताची आणि काकडीची सारखीच खूण माझ्या एकाच हातावर दिसत होती. डॉक्टर म्हणाले, ‘काकडीवर तुमचा मुळात राग नाही. तुमच्या रक्ताचा राग परागावर आहे. काकडीत त्याला परागाचा चेहरा दिसतो.’

कुंपणाबाहेरचं झाड

त्या परागाकडे आधी जवळून बघू. काँग्रेस गवताचं एक फूल तोडून भिंगाखाली धरा. जे एक फूल वाटतं तो फुलांचा गुच्छ असतो. कडेला पाच इवल्या पाकळ्यांची पाच मादीफुलं, मध्ये दाटीवाटीनं उभी असलेली नरफुलं. एका गुच्छाला बिया पाचच, पण परागाला सुमार नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा एका झाडामागे ६० कोटींहून जास्त परागकण भरले. एकेक कण केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा, अंगभर काट्यांचा.

हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. १९५६ साली आर. एस. राव यांनी पुण्यातून त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि पुढच्या काही दशकांत ते देशभर पसरलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर काँग्रेसच्या राज्यात आलं म्हणून काँग्रेस गवत, असं कुणी सांगतं. पांढऱ्या टोप्यांसारखी फुलं म्हणून काँग्रेस, असं दुसरा म्हणतो. आमच्याकडे कन्नडमध्ये ते काँग्रेस कस. मराठीत त्याला गाजर गवतही म्हणतात, कारण पानं हुबेहूब गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

धारवाडचा आणि या झाडाचा संबंध कुंपणापुरता नाही. काँग्रेस गवताच्या बंदोबस्तावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ६ ते ८ ऑक्टोबर १९९७ या दिवसांत आमच्या कृषी विज्ञान विद्यापीठात भरली. भाताचे नामवंत संशोधक डॉ. एम. महादेवप्पा या विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि या तणावर त्यांनी मनापासून काम केलं. टाकळ्याच्या कुळातली कॅसिया नावाची एक वनस्पती त्याच जमिनीत वाढवली, तर ती गाजर गवताला हळूहळू हुसकावते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माळरानावर पाहून लिहून ठेवलं आहे.

हे झाड माणसाला दोन तऱ्हांनी छळतं. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यानं कातडी उतते. खुरपणी करणाऱ्या बायकांचे हात आणि मान त्याची साक्ष देतील. ही आंब्याच्या चिकाच्या जातीची खाज. पराग मात्र नाकावाटे जातो आणि वेगळाच खेळ मांडतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खेळ उलगडला. १९९१ साली त्यांनी दाखवलं, की तपासलेल्या नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांपैकी ३४ टक्के आणि दम्याच्या रुग्णांपैकी १२ टक्के लोकांची कातडी या परागाच्या टोचणीनं उठते. १९९३ साली त्यांच्याच गटातून त्याहून नवलाची गोष्ट पुढे आली. काँग्रेस गवताचा त्रास असलेल्या आपल्या माणसांचं रक्त अमेरिकेतल्या रॅगवीड नावाच्या तणाच्या परागालाही ओळख देतं! रॅगवीड हे काँग्रेस गवताचं चुलत भावंड. जे झाड आपण कधी पाहिलं नाही, त्याची ओळख आपल्या रक्तात आधीच पडलेली. आणि रॅगवीडच्या रुग्णांना खरबूज-कलिंगड आणि केळी खाऊन तोंडाला खाज सुटते, हे अमेरिकी डॉक्टरांनी १९७० सालीच नोंदवलं होतं. तण, दुसरं तण आणि मग फळ अशी ही साखळी होती.

अंधारात चाचपणारी बोटं

रक्तात ओळखणारं असतं तरी कोण? त्याचा पहिला पुरावा १९२१ साली ब्रेस्लाऊ शहरात मिळाला. कार्ल प्राउस्निट्झ यांना गवताच्या परागाचा त्रास होता, तर त्यांचे सहकारी हाइन्झ कुस्टनर यांना मासळी चालत नसे. प्राउस्निट्झ यांनी कुस्टनर यांच्या रक्ताचं पाणी स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. मासळी आयुष्यभर सुखानं खाल्लेल्या प्राउस्निट्झ यांच्या कातडीवर तिथे गांध उठली. एका माणसाचं वाकडं दुसऱ्याच्या अंगात उतरवता येत होतं, म्हणजे ते रक्तातल्या कुठल्यातरी वस्तूत होतं. ती वस्तू हाती लागायला १९६६ साल उजाडलं. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं आणि त्याच सुमाराला स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश यांनी ती वेगळी काढली. तिचं नाव आयजीई.

आयजीई हे एक प्रतिपिंड आहे. त्याला डोळे नाहीत. दिवे गेल्यावर आजी कडधान्याच्या डब्यात हात घालायची आणि बोटांनी चाचपून सांगायची, हे मूग, हे मसूर. आयजीई तसंच काम करतं. परागातल्या प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा एखादाच उंचवटा, एखादीच खळी ते चाचपतं आणि ओळख पटवतं. अख्खं प्रथिन त्याला दिसत नाही, झाड तर नाहीच नाही. आजीच्या बोटांची मुगात आणि उडदात कधीमधी गफलत व्हायची, कारण चिमटीत दोन्ही सारखेच लागतात. परागातला उंचवटा काकडीतही तसाच असेल, तर आयजीईची बोटं तिथेही थांबतात आणि म्हणतात, हाच तो.

ही प्रतिपिंडं नाकात, तोंडात, कातडीत मास्ट पेशींवर टपून बसलेली असतात. ओळख पटली की पेशी आपल्यातलं हिस्टामिन बाहेर सांडते, मज्जातंतू चाळवतात, केशवाहिन्या सैल पडतात. खाज सुटते. काकडी तोंडात गेल्यापासून हे सगळं व्हायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात.

सगळ्या झाडांत एकच माळ

हरळीचा पराग, रॅगवीडचा पराग, काकडी, केळं, खरबूज यांत सारखा असलेला हा उंचवटा आहे कशाचा? त्याच्या मुख्य मालकाचं नाव प्रोफिलिन. १९९१ साली व्हिएन्नाच्या रुडोल्फ व्हालेंटा यांच्या गटानं ते बर्च नावाच्या झाडाच्या परागात ॲलर्जीचं कारण म्हणून ओळखलं.

प्रोफिलिन ही साधारण १३० मण्यांची छोटीशी माळ आहे, प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. पेशीच्या आत ॲक्टिनच्या धाग्यांचा सांगाडा सतत उभा राहतो आणि मोडतो, त्या कामावरचा हा मुकादम. परागकण स्त्रीकेसरावर पडला, की त्याला आपली नळी बीजांडापर्यंत झपाट्यानं वाढवायची असते, म्हणून परागात प्रोफिलिनची चंगळ. पण पेशी वाढण्याचं काम काकडीतही चालतं, केळ्यातही, हरळीच्या मुळातही. सगळीकडे मुकादम हाच.

ज्या प्रथिनावर इतकं मूलभूत काम अवलंबून असतं, त्यात फेरफार करणं जिवाला परवडत नाही. एखादा महत्त्वाचा मणी बदलला की पेशीच मोडते, आणि मोडलेली पेशी वंश वाढवत नाही. म्हणून फुलझाडांची कुळं कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांपासून फुटली, कुणी गवत झालं, कुणी वेल, कुणी वृक्ष, तरी ही माळ जवळजवळ जशीच्या तशी राहिली. दोन परक्या कुळांतल्या झाडांची प्रोफिलिनं शेजारी ठेवली, तर साधारण तीन चतुर्थांश मणी जुळतात. माणसाच्या पेशीतही प्रोफिलिन आहे. ते झाडांच्या प्रोफिलिनपेक्षा बरंच वेगळं आहे, आणि तरी व्हालेंटा यांच्या गटाला काही रुग्णांचं आयजीई त्यालाही चिकटताना दिसलं.

मी हे वाचलं, तेव्हा हातावरची ती गांध पुन्हा डोळ्यांपुढे आली. काकडी आणि हरळी यांचा एक पूर्वज होता, हे पुस्तकात वाचलेलं वाक्य माझ्या कातडीवर पंधरा मिनिटांत उमटलं होतं.

भूर्जाचं झाड आणि सफरचंद

माझा भाचा जर्मनीत नोकरी करतो. इथे असताना सफरचंदाची फोड त्याला कधी लागली नव्हती. तिकडे तिसऱ्या वसंतात शिंका सुरू झाल्या, चौथ्यात सफरचंदानं घसा खाजू लागला. दिवाळीला घरी आला, तर फळांच्या ताटातलं सफरचंद बाजूला सारून त्याच सफरचंदाच्या हलव्याच्या दोन वाट्या संपवल्या. माझं थालीपीठ आणि त्याचा हलवा, एकाच गोष्टीची दोन टोकं.

युरोपच्या उत्तरेला ही ॲलर्जी घरोघरी माहीत आहे आणि तिथला दोषी आहे बर्च. बर्च म्हणजे आपला भूर्ज. ज्याच्या सालीवर, भूर्जपत्रावर, आपल्या जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच वंशातलं झाड. बर्चच्या परागाचा आणि फळांचा असा संबंध स्वीडनमधून १९४८ सालीच नोंदवला गेला. त्यातलं मुख्य प्रथिन १९८९ साली नेमकं हाती आलं. हे प्रोफिलिनपेक्षा वेगळं, जखम झाली किंवा रोग पडला की झाडं जी प्रथिनं तयार करतात, त्या घराण्यातलं. सफरचंद, पीच, चेरी, गाजर, सोयाबीन, शेंगदाणा, सगळ्यांत त्याचे भाऊबंद आहेत. सफरचंदातल्या भावाचे निम्म्याहून जास्त मणी बर्चशी जुळतात आणि घडी पडल्यावर दोघांचा आकार जवळपास एकच होतो.

आता गाजर गवताच्या नावाकडे वळू. आपल्या डोळ्यांनी पानं पाहिली आणि ठरवलं, हे गाजरासारखं. पण गाजर हे कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातलं आणि गाजर गवत सूर्यफूल-झेंडूच्या. नुसती पानांची कातर सारखी. उलट बर्चचा उंच वृक्ष आणि जमिनीतलं गाजर यांच्यात आपल्या डोळ्यांना तिळाएवढंही साम्य दिसणार नाही, पण भाच्यासारख्यांच्या रक्ताला ते दिसतं. डोळा पानाच्या आकारावरून नातं जोडतो, रक्त रेणूच्या आकारावरून. नातं शोधण्याच्या कामात रक्त किती खोल बघतं, याचं मला कौतुक वाटतं. फक्त त्या नात्याची खूण म्हणून ते खाज देतं, एवढंच त्याचं चुकतं.

फसलेला भुंगेरा

परागानं ओळख चुकवण्याची आणखी एक गोष्ट कर्नाटकातच घडली आहे. गाजर गवताचा नायनाट व्हावा म्हणून त्याची पानं कुरतडणारा मेक्सिकोचा एक भुंगेरा १९८४ साली बंगळुरूत सोडण्यात आला. पावसाळ्यात आमच्या माळावरही तो दिसतो, फिकट पिवळसर पाठीवर गडद वेलबुट्टी. काही वर्षांनी तो सूर्यफुलाची पानं खाताना आढळला आणि शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला. शास्त्रज्ञ के. पी. जयंत आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला. १९९३ साली त्यांनी लिहिलं, की शेजारच्या गाजर गवताचा पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसतो आणि तो पराग लागला म्हणजे भुंगेऱ्याला ते पान आपलंच वाटतं.

किडा परागाच्या चवीवरून फसला, माझं रक्त परागाच्या आकारावरून. जिवंत सृष्टीत ओळख ही अशीच पटते, एका खुणेवरून. सगळं तपासत बसायला वेळ कुणालाच नसतो.

कर्नाटकाचं रक्त काय सांगतं

हे सगळं किती जणांच्या अंगात चालू आहे? याचं उत्तर आपल्याच राज्यातून आलं. युरोपातल्या एका मोठ्या प्रकल्पाबरोबर कर्नाटकात ११,७९१ प्रौढांना प्रश्न विचारण्यात आले आणि त्यांतल्या ५८८ जणांची पुढे सविस्तर पाहणी होऊन २४ खाद्यपदार्थांविरुद्धचं आयजीई मोजलं गेलं. मैसूरचे डॉ. पी. ए. महेश आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ते निष्कर्ष मांडले. २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई होतं. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण युरोपापेक्षा जास्त होतं. अपवाद फक्त बर्चच्या परागाशी साम्य असलेल्या पदार्थांचा, कारण इथे बर्चच नाही. इकडे फारसे खाल्ले न जाणारे पदार्थही रक्ताला ‘ओळखीचे’ होते. वेगवेगळे पराग आणि पदार्थ यांच्यातली अदलाबदलही भरपूर दिसली.

आणि खरोखर त्रास किती जणांना? ज्यांना त्रासही होतो आणि रक्तात त्याच पदार्थाविरुद्ध आयजीईही आहे, असे लोक १.२ टक्के. त्यांत गाईचं दूध आणि सफरचंद हे दोन मुख्य, प्रत्येकी ०.५ टक्के.

या दोन आकड्यांमधलं अंतर प्रत्येक घरानं समजून घ्यावं. रक्तात ओळख असणं वेगळं आणि दुखणं असणं वेगळं. लांबलचक रिपोर्ट हातात पडतो, त्यात वीस पदार्थांपुढे खुणा असतात आणि घाबरून माणसं डाळ, दूध, शेंगदाणे सगळं तोडतात. पोरांचं वजन उतरतं. रिपोर्टमधली खूण एवढंच सांगते, की तुमच्या रक्तानं कुठलातरी आकार ओळखला. तो पदार्थ खाऊन तुम्हाला काय होतं, हे विचारल्याशिवाय त्या खुणेला अर्थ नाही.

पराग आणि खाद्यपदार्थ यांच्यातल्या नात्याचा एक देशी दाखला दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली दिला. हुबळीहून गदगकडे जाताना रस्त्याच्या कडेला काटेरी झुडपं लागतात, आमच्याकडे त्यांना बळ्ळारी जाली म्हणतात, मराठीत वेडी बाभूळ. तिच्या परागाचा त्रास असलेल्या काही रुग्णांची कातडी डबल बीलाही उठते आणि दोघांतली काही प्रथिनं आयजीईला सारखीच वाटतात, असं त्यांना आढळलं. इथे मात्र डोळ्यालाही सुगावा लागू शकतो: वेडी बाभूळ आणि डबल बी, दोघीही शेंगांच्याच कुळातल्या.

शिजवलं की चालतं, पण नेहमी नाही

थालीपिठाचं कोडंही आता सुटतं. आयजीई चाचपतं तो उंचवटा माळेच्या घडीमुळे तयार झालेला असतो. तव्यावर घडी उलगडते, माळ विस्कटते, बोटांना ओळखीचं काही लागत नाही. पोटातलं आम्ल आणि पाचकरसही तेच करतात, म्हणून कच्च्या काकडीचा त्रास सहसा तोंडापाशी सुरू होऊन तिथेच संपतो.

‘सहसा’ हा शब्द मात्र मोलाचा आहे. काही प्रथिनं उष्णतेलाही दाद देत नाहीत आणि पोटातही टिकतात. पीचच्या सालीतलं मेद वाहून नेणारं प्रथिन तसलं. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत त्यानं जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत. सोयाबीनच्या दुधासारखा पदार्थ एका दमात भरपूर प्यायला, तर बर्चवाल्यांनाही मोठा त्रास होऊ शकतो. शेंगदाणे, काजू, बदाम खाऊन तोंड खाजलं, तर आपल्या अंदाजावर राहू नये, तज्ज्ञांना विचारावं. आणि खाज तोंडाबाहेर पडून अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास अडला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

माझ्यासारख्यांना एवढं पुरे होतं: जे खाजवतं ते शिजवून खावं, परागाच्या दिवसांत विशेष जपावं आणि जे खाऊन काही होत नाही ते उगाच सोडू नये. नवलूरचे पेरू मी आजही कच्चे, तिखट-मीठ लावून खाते.

गणपतीच्या दिवशी आमच्या घरी एकाच ताटात सगळं मांडलेलं असतं: दूर्वांची जुडी, केळी, काकडी, शेजारी पाण्याची वाटी. दूर्वा म्हणजे कोवळी हरळीच, फुलोऱ्यावर येण्याआधी खुडलेली, म्हणून तिच्यात पराग नसतो आणि मला ती निर्धास्त हाताळता येते. गेल्या वर्षी त्या ताटाकडे बघताना मी मनात मोजत होते. दूर्वेच्या पात्यात ती १३० मण्यांची माळ, केळ्यात तीच माळ, काकडीत तीच. ताट उचलणाऱ्या माझ्या बोटांतही तिचीच एक दूरची बहीण. मग काकडी उचलली, किसली, ज्वारीच्या पिठात घातली आणि तवा तापत ठेवला.